पिल्लाच्या तंगड्या

ती. स्व. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (मनातल्या मनात, ओव्हनचं दार कमरेत बसल्यापासून वाकता येत नाही.) तुझे गुडघे काय म्हणतात? भावजींचा खोकला गेला, की त्या खोकल्याला कंटाळून तूच कुठे गेलीस? इकडे मी ठीक आहे. ठीक म्हणजे जिवंत आहे.

तुला माहीतच आहे, मला तिच्याशीच लग्न करायचंय, दुसऱ्या कुणाशीही नाही, आणि तिचे वडील काही केल्या हो म्हणत नव्हते. वडील दातांचे डॉक्टर. ते माणसाचा चेहरा बघत नाहीत, तो चावतो कसा ते बघतात. ती म्हणाली, आईबाबांना जेवायला बोलव, स्वतःच्या हाताने रांधून घाल, विरघळतील. मी लगेच मान डोलावली. (चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांना लांबचं दाखवतो, पण स्वतःच्या पायापुढचा खड्डा दिसेल तर शपथ!)

चिकनवाल्याकडे गेलो, तर भारी मालाच्या कप्प्यात ओंजळीत मावतील एवढ्याशा कोंबड्या मांडलेल्या. मला वाटलं, ही एखादी बुटकी जात असणार. तो खो खो हसला. जातबीत काही नाही म्हणे, आपली नेहमीचीच कोंबडी, फक्त कोवळी, महिन्याच्या आतबाहेरची. कापायची नाही, माणशी एक अख्खी वाढायची. अंगावर चरबी नावालाच, म्हणून लोणी चोपडायचं, ओव्हन सणसणीत तापवायचा, आणि मोठ्या कोंबडीइतका वेळ ठेवली की कामातून गेली. तो तिला सारखा ‘पिल्लू’ म्हणत होता, म्हणून मीही पिल्लू म्हणायला लागलो. इथेच माती खाल्ली.

संध्याकाळी सगळी तयारी झाली आणि माझा धीर सुटला. चिकनवाल्याला फोन लावला. हात लोण्याने बरबटलेले, फोन खांद्यात दाबलेला, पलीकडे सुऱ्यांचा खणखणाट, म्हणून मी जिन्याकडच्या खिडकीपाशी उभा राहून बेंबीच्या देठापासून ओरडलो, “पिल्लाला मीठ चोळलंय, पोटात लिंबू कोंबलंय, तंगड्या सुतळीने घट्ट बांधल्यात! आता तिचा बाप यायच्या आत ओव्हनमध्ये ढकलतो!”

ताई, तिला घरी लाडाने पिल्लू म्हणतात. हे मला आधी कुणी सांगायचं? त्यात ती ऑफिसातून परस्पर माझ्याकडे मदतीला येणार होती, आणि नेमकी अजून पोचली नव्हती. जिन्यात कोण उभं होतं ते तुला वेगळं सांगायला नको. दार वाजलं नाही, बडवलं गेलं. मी कडी काढतो न काढतो तोच डॉक्टर मला ढकलत स्वयंपाकघरात घुसले, मी उलटा ओव्हनच्या उघड्या दारावर आदळलो, आणि त्यांना दिसली ट्रेमध्ये पाय बांधून उताणी पडलेली चार पिल्लं. ते मटकन स्टुलावर बसले. तिच्या आईला मात्र असं हसू फुटलं की भिंतीला धरून उभं राहावं लागलं. एवढ्यात ती आली. तिला बघून डॉक्टरांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. खरं सांगतो, त्या क्षणी मला तो माणूस फार आवडला.

मग काय, पिल्लं ओव्हनमध्ये गेली. अंमळ करपली, पण आतून मऊसूत झाली होती. डॉक्टरांनी हाडं चाटूनपुसून साफ केली, हात धुतले आणि म्हणाले, मुलगा वेंधळा आहे, पण मनात काही ठेवत नाही, जे करतो ते गावाला ऐकू जाईल असं करतो. तुमच्या घरच्या मोठ्या माणसांशी बोलून घेऊ. ताई, मला रडूच आलं!

तुझा धाकटा

ता. क. घरचं मोठं माणूस म्हणजे तूच. ते सगळे रविवारी तुझ्याकडे जेवायला येताहेत. मी तुला न विचारताच हो म्हणून बसलोय. रागावू नकोस.

ता. क. आणखी एक. काहीही रांध, फक्त पंख असलेलं नको.

ता. क. शेवटचं, आणि हे पत्र खरं तर एवढ्यासाठीच. तुझ्या पाया पडतो, भावजींनाही बजाव, मुलांनाही दटाव: ज्या माणसाच्या लेकीला घरी पिल्लू म्हणतात, त्याच्यासमोर रविवारी कुणीही, चुकूनसुद्धा, मला ‘बोक्या’ म्हणून हाक मारायची नाही.