‘माझोने’चा अर्थ

कालिंपाँग, १२ नोव्हेंबर १९५३

ती. नानांच्या चरणी कुमुदिनीचा नमस्कार.

इथं ठंड आहे, पण आम्हा नर्सांच्या खोलीत शेगडी असते, फिकर नसावी. आईचा खोकला थांबला का?

मंगळवारी इथल्या लेपचा जमातीची एक बाई ताप आलेल्या मुलीला घेऊन दवाखान्यात आली. दुभाषा रजेवर. मुलगी जेवते का, खुणेनं विचारलं तर बाई म्हणाली, “माझोने.” डॉक्टरांना ‘झो’ म्हणजे खाणं एवढंच ठाऊक. म्हणाले, “खातेय ना, औषध देऊन घरी पाठवा.”

जुन्या इंदुरात संस्कृत शिकवताना तुम्ही म्हणायचात, “बेटा, आधी उपसर्ग बघ, मग प्रत्यय.” तसंच बघितलं. इथल्या बायकांचं बोलणं ऐकून ध्यानात आलं होतं, लेपचा भाषेत शब्दाच्या आधी ‘मा’ आणि शेवटी ‘ने’ लागला की नकार होतो. मी ओरडलेच, “साहेब, ती खात नाहीये!”

मुलीला ठेवून घेतलं. तीन दिवसांची उपाशी होती. आज तिनं पेज मागून घेतली.

हे कुणी शिकवलं, असं तिच्या आईनं खुणेनं विचारलं. मी म्हटलं, “आबो.” म्हणजे वडील. कुठे असतात ते? मी पश्चिमेकडे बोट दाखवलं. तिनं तिकडे वळून हात जोडले.

नाना, तो नमस्कार तुमचा आहे.

तुमची,
कुमुद