उत्तमच्या झावळ्या

७ नोव्हेंबर, शुक्रवार
"आखातातल्या माझ्या सुतार भावांनो, आपण आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरांना दारं बसवली. बसवून झाली की ती आपल्याच तोंडावर बंद झाली!"
आज अल नस्र वर्कशॉपातल्या सुतारांच्या बैठकीत सुरुवात अशीच केली. इथे थांबलो. मग आवाज चढवला. बावीस वर्षं मी केलेला प्रत्येक दरवाजा ट्रकमध्ये चढून निघून गेला. आता मला असं काही करायचंय जे मी केलं तिथेच उभं राहील. टाळ्या पडल्या. पुढच्या शुक्रवारी सहा जण माझ्या मजऱ्यावर, म्हणजे शेतावर, येऊन कुंपण घालून देणार.
उत्तमचं नाव मात्र भाषणात घेतलं नाही.
अरबाबने, म्हणजे इथल्या मालकाने, अल रुवैसकडचा हा मजरा ऑक्टोबरात अर्धा मला दिला, अर्धा त्याला. जानेवारीत बघायला येणार. ज्याची शेती बरी, त्याच्याकडे सगळी जमीन. दुसरा परत जुन्या कामावर. म्हणजे मी वर्कशॉपात, नाहीतर उत्तम पाण्याच्या टँकरवर.
उत्तम परभणीचा. दिवसाला दहा शब्द बोलत असेल. मी शेतीवरची अकरा पुस्तकं वाचलीत. त्याने एकही नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
कुंपण झालं. शटरिंगच्या फळ्या रंधून घेतल्या, कडा जुळवल्या. वारा येतो ती उत्तरेची अख्खी बाजू, सहा फूट उंच. फटीतून पोस्टकार्ड जाणार नाही. सहांतला मोहन म्हणाला, दादा, ही भिंत दिवाणखान्यात शोभेल. जाताना सगळ्यांनी तिच्यापुढे फोटो काढले.
पलीकडे आपल्या अर्ध्याच्या उत्तरेला उत्तमने खजुरीच्या झावळ्या उभ्या खोचून सुतळीने बांधल्यात. भोकंच भोकं. लहान पोराने काढलेलं चित्र वाटतं.
आज बरं वाटलं. फार बरं.

१९ नोव्हें.
उत्तम सकाळी आला, फळ्यांवरून हात फिरवला. "काम लई भारी आहे दादा. पण वाऱ्याला जरा वाट ठेवा. आडवलं की ते वरून उडी मारतंय."
मी म्हटलं, उत्तमराव, झावळ्या बांधणाऱ्याने सुताराला फळी शिकवू नये. हसला. गेला. त्याचं ते हसणं दिवसभर डोक्यात.

३ डिसें.
बायकोला, सुनंदाला, व्हिडिओ कॉलवर शेत दाखवलं. टोमॅटो दाखवले, वाफ्यांच्या सरळ ओळी दाखवल्या. गुण्या लावून आखल्यात, तेही सांगितलं. ती बघत होती भलतीकडे.
"ती मागे हिरवीगार मिरची दिसते, ती कोणाची ओ?"
शेजाऱ्याची.
"भारी आहे. त्याला विचारून घ्या ना, काय घालतो ते."
रेंज नाही म्हणून कॉल बंद केला. रेंज होती.
मग कुंपणाच्या टोकाला जाऊन त्याची मिरची पाहिली. माझ्या मिरचीपेक्षा वीतभर उंच. पाणी एकाच विहिरीचं, मचूळच. खत एकाच गाडीतलं. रोपंही एकाच दिवशी लावलेली. मग काय?

११ डिसें.
अरबाब अचानक आला. अजून महिना आहे म्हणाला होता. माझी भिंत वाजवून पाहिली, "झैन, झैन", म्हणजे छान, छान, म्हणाला. दार तपासतात तसं. मी मातीबद्दल, निचऱ्याबद्दल, वाफ्यांच्या दिशेबद्दल हिंदीत बरंच बोललो. अर्ध्यातच तो पलीकडे गेला. उत्तमच्या वेलाची काकडी तोडली, अंगातल्या लांब कंदुऱ्याला पुसली, उभ्या उभ्या खाल्ली. दुसरीही खाल्ली. उत्तम पुढच्या वाफ्याला पाणी देत राहिला.
माझ्या भिंतीचं कौतुक केलं. त्याची काकडी खाल्ली.
मी आयुष्यभर समतेवर बोललो. माणसाने माणसाचं बरं चिंतावं, यावर बोललो. आणि त्या दुसऱ्या काकडीच्या वेळी मनात आलं, कडू निघू दे.

२७ डिसें.
फोनवर हवामानाचा इशारा. उद्या दुपारपासून शमाल, उत्तरेचा वारा, जोरात. उत्तमचा फोन साधा, त्याला हे येत नाही. संध्याकाळी तो शंभर पावलांवर पाणी देत होता.
सांगितलं नाही.
झावळ्या उडतील असं वाटलं. उडाव्यात असं वाटलं. हे इथेच लिहितो, बैठकीत कधी बोलणार नाही.
मग मोहनला फोन लावून पुढच्या भाषणावर तासभर बोललो.

२९ डिसें.
काल दुपारी तीनपासून पहाटेपर्यंत. मी खोलीत बसून भिंतीच्या भरवशावर निवांत. एकही फळी हलली नाही. हलणार नव्हतीच.
उजाडल्यावर पाहिलं. भिंतीलगतचे दोन वाफे ठीक. त्यापुढचे सगळे लोळलेले. टोमॅटोच्या काठ्या आडव्या, मिरची मोडलेली, वर वाळूची पोळी. वारा भिंतीवरून उडी मारून थेट त्यांच्यावर पडला होता.
पलीकडे तीन-चार झावळ्या निसटलेल्या. बाकी उभं. मिरचीची पानं धुळीने पांढरी, पण झाड उभं.
रडलो नाही. दात खाल्ले.

३० डिसें.
उत्तम सुतळी घेऊन आला. मोडक्या काठ्या बांधायला लागला. अर्धा टोमॅटो वाचेल म्हणतो. मिरची गेली.
मला राहवलं नाही. सांगून टाकलं, की वाऱ्याचं मला आधी कळलं होतं.
"मलाबी कळलं होतं. टँकरवाल्यानं सांगितलं. तुम्हाला सांगायला आलतो, तुम्ही फोनवर बोलू लागले होते मोठ्यानं. दाराबाहेर थांबलो, मग गेलो."
किती वेळ थांबलास?
"झाला असंल अर्धा तास."
म्हणजे तो आला होता. मी गेलो नव्हतो. आता मला त्याच्या मिरचीचा नाही, याचा हेवा वाटतो. हा जास्त जळतो.
विचारलं, किती फट ठेवू? तो भिंतीकडे पाहत बसला. "एवढं चांगलं काम मोडायचं म्हंजे..." म्हणाला आणि फळीवरून हात फिरवत राहिला. मीच म्हटलं, बोल. तेव्हा त्याने बोटाने हवेत दाखवलं: ही ठेवा, ही काढा. ही ठेवा, ही काढा.

३१ डिसें.
अरबाब शनिवारी येतोय. उत्तमलाच मिळेल बहुतेक. वाचलेला टोमॅटो पाहून काय म्हणेल सांगता येत नाही. जमीन त्याची झाली तरी त्या वाफ्यांवर हा वारा पडू नये, एवढं कळतंय. मनापासून वाटतंय का, ते कळत नाही.
फळ्या एकट्याने निघणार नाहीत, खिळे मीच खोल मारलेत. सुतारांच्या ग्रुपवर टाकलं, तेच इथे उतरवतो:
"भावांनो, ज्या कुंपणापुढे आपण फोटो काढले, त्याने माझं शेत झोपवलं. चूक माझी. उत्तमने आधी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. परवा शुक्रवारी सकाळी सहाला मजऱ्यावर या. भाषण होणार नाही. खिळे उपटायची हातोडी आणा आणि उत्तम बोट ठेवील तिथून, एक सोडून एक, फळी काढा."