झावळ्यांखालची मोटार

शुक्रवार, ४ मार्च १९३२. रेवदंडा

मोटार आपली नव्हतीच! दीड वर्ष तिला हळदकुंकू वाहिलं, दसऱ्याला हार घातला, आणि आज हे अलिबागहून येऊन सांगतात. वकील म्हणाले, "दत्तोपंत, नादारीचा अर्ज केलात की बाकीचे सावकार दारातून उठतील. मोटारीचं तसं नाही. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत ती मुंबईच्या कंपनीची. तुम्ही नुसते भाडेकरू."

यांनी घास ताटात ठेवला तो ठेवलाच. "मोटार गेली तर खायचं काय गं?" मी काय सांगणार? उतारू घेऊन अलिबागच्या फेऱ्या होतात म्हणून चूल पेटते.

रविवार, ६ मार्च

मोटार वाडीत नेली, पार मागे, पोफळींच्या आड. यांनी आणि ड्रायव्हर तुकारामने वर झावळ्या रचल्या. लांबून जळणाचा ढीग वाटतो. होळीपौर्णिमेला मोठी भरती येईल, तेव्हा दोन होड्या जोडून खाडीपलीकडे न्यायची. पुढे मुरुडला नवाबाचं राज्य. तिथे अलिबागच्या कोर्टाचं चालत नाही म्हणे.

गावात कोणी विचारलं तर सांगायचं — कंपनीने नेली. मी मान हलवली.

मंगळवार, ८ मार्च

कंपनीचा माणूस आला होता. "बाई, मोटार कुठे आहे?" म्हटलं, "हे घेऊन गेलेत, कुठे ते मला ठाऊक नाही." किती सहज आलं तोंडातून! वर त्याला पाणी दिलं, गुळाचा खडा दिला. अलिबागला धर्मशाळेत उतरलाय. रस्त्यावरच बसून असतो, येणारी-जाणारी प्रत्येक मोटार बघतो.

सोमवार, १४ मार्च

लिहू नये असं वाटतं. तरी लिहिते.

हे कालपासून अलिबागला, वकिलाकडे मालमत्तेची यादी करायला. दुपारी जेवून उठले तर अंगणात कोळीवाड्यातला तुळशीराम. धावत आलेला. बायको अडली होती, केसर. काल सकाळपासून. सुईणीने हात टेकले.

"काकी, मोटार द्या. मूल आडवं हाय. बैलगाडीनं न्हाय पोचायची अलिबागला."

तुकाराम ओटीवर बसला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. एक शब्द बोलायचा होता मी. एकच! पण डोळ्यांपुढे तो रस्त्यावर बसलेला माणूस आला. मोटार गेली, फसवलं म्हणून यांना बेड्या, आणि मी दारात —

"मोटार नाही रे. कंपनीने नेली."

"कवा?"

"गेल्या आठवड्यात."

त्याने हात जोडले. मला! आणि पळत सुटला.

तुकाराम म्हणाला, "वहिनी —" मी म्हटलं, "गप्प बस." तेही मीच म्हटलं.

मंगळवार, १५ मार्च

केसर गेली. चौलच्या पुढे, बैलगाडीतच. मूलही.

गुरुवार, १७ मार्च

वाडीत मागे जाववत नाही. सकाळी नारळ पडला म्हणून गेले. ढिगाजवळून येताना वाटलं, आत कोणीतरी आहे. झावळ्या हलल्या. वारा नव्हता.

गेल्या श्रावणात केसर एकदा बसली होती मोटारीत. आईला बघायला निघाली होती. गादीवर बसेना. "माझ्या लुगड्याला म्हावऱ्याचा वास हाय काकी, गादी खराब व्हईल." खाली फळीवर बसली, पाटी मांडीवर घेऊन, आणि अलिबागपर्यंत हसत गेली. तुकाराम सांगत होता.

आज झावळी बाजूला करून आत पाहिलं. गादी रिकामी होती. खाली बघायचा धीर झाला नाही.

शनिवार, १९ मार्च

हे आले. खुशीत. होड्या ठरल्या. तीस तारखेला कोर्टात शपथेवर सांगायचं की माझ्याकडे मोटार नाही, ती कुठे आहे ठाऊक नाही. झालं, नादार ठरलो की सुटलो!

केसरचं मी सांगितलं. हे पिशवी खुंटीला अडकवत राहिले. मग म्हणाले, "तू तरी काय करणार होतीस?"

जेवण झाल्यावर भांडी घासत होते. मागे वाडीत मोटारीचा भोंगा वाजला. एकदाच. "ऐकलंत?" विचारलं. हे म्हणाले, "काय?"

रविवार, २० मार्च

कोळीवाड्यात गेले. तुळशीराम दारात बसला होता, डोकं भादरलेलं. त्याची आई आतून बाहेर आली, मला बसायला पाट दिला. बसले नाही.

सगळं सांगितलं. मोटार वाडीत होती, अजून आहे. ड्रायव्हर ओटीवर होता. मी खोटं बोलले.

मला वाटलं, ओरडेल. मारेलसुद्धा.

"ह्ये मला कशाला सांगितलं काकी?" म्हणाला. "इतके दिस मी म्हनत व्हतो, देवाची मर्जी. आता काय म्हनू?"

त्याच्या आईने पाट उचलून आत नेला.

सोमवार, २१ मार्च

यांना म्हटलं, मी कंपनीला कळवणार. "मला तुरुंगात घालतेस?" — हात उगारला होता यांनी. बारा वर्षांत पहिल्यांदा. म्हटलं, "शपथ घेतलीत तर घालतील. अजून घेतली नाहीत." हात तसाच खाली आला. मग भिंतीकडे तोंड करून बसले आणि रडले.

चिठ्ठी लिहिली. खाली माझी सही केली, सत्यवती दत्तात्रेय. तुकाराम घेऊन गेला.

मंगळवार, २२ मार्च

होळी. नैवेद्य केला नाही. भरती आली आणि गेली.

गुरुवार, २४ मार्च

कंपनीचा माणूस मिस्त्री घेऊन आला. झावळ्या काढल्या. आत कोणी नव्हतं.

मिस्त्रीने हँडल मारलं. दहादा, वीसदा. चालू होईना. इंजिनावरचं झाकण उघडून बघतो तर आतला मॅग्नेटोच नाही! त्याच्याशिवाय ठिणगी पडत नाही, गाडी जागची हलत नाही, असं तो म्हणाला. तुकारामही माझ्यासारखाच बघत राहिला; त्यालाही ठाऊक नव्हतं.

हे आत गेले. अलिबागला नेतात ती पिशवी आणली, त्यातून लुगड्याच्या फडक्यात बांधलेलं काहीतरी काढलं. "तुकारामचा पगार थकला होता," खाली बघत म्हणाले, "गाडी घेऊन पळेल म्हणून... सहा तारखेलाच काढून ठेवला." त्या सोमवारी तो पिशवीत होता. अलिबागला.

म्हणजे मी हो म्हटलं असतं तरी मोटार निघाली नसती.

हे म्हणाले, "ऐकलंस ना? आता तरी मनाला लावून घेऊ नकोस."

पण मला ते ठाऊक नव्हतं. मी नाही म्हटलं तेव्हा मोटार चालत होती.