आबा आणि मी, एका होडीत

११ फेब्रुवारी, रविवार

पोहोचलो एकदाचे! खोली ठीक आहे. चादरीत वाळू, नळाला जेमतेम धार, पण खिडकी उघडली की समोर समुद्रच समुद्र. चिमी सामान तसंच टाकून पाण्याकडे पळाली. पोरगी चौदाची झाली, अक्कल चारची!

शेजारच्या खोलीत सासू-सासरे. ही सगळी बायकोची कल्पना. "आबांचं वय झालं, आता तरी सगळे मिळून कुठेतरी जाऊ." मी हो म्हटलं. हो म्हणायला माझं काय जातंय? अठरा वर्षांपूर्वी आबांच्या मनाविरुद्ध त्यांच्या मुलीशी लग्न केलं. आम्ही आधी केलं, मग सांगितलं. तेव्हापासून हा माणूस माझ्याशी थेट एक शब्द बोललेला नाही. एक! आज जेवतानाही तेच — "चिमे, तुझ्या बापाला सांग, मीठ इकडे दे म्हणावं." मीठ माझ्या हातात. मी त्यांच्या समोर. मध्ये चिमी, पोस्टमनसारखी.

चार-पाच दिवस काढायचे. निघतील.

१२ फेब्रुवारी, सोमवार

नुसता लोळलो. आबा खुर्ची टाकून पाण्याकडे बघत बसले होते. खोलीची किल्ली सासूबाईंकडे मागितली, दिली, खिशात टाकली, पुन्हा मागितली. "मुद्दाम छळतात मला," सासूबाई म्हणाल्या. हसल्या, पण ओढूनताणून.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

आजच लिहून ठेवतो. असा दिवस पुन्हा येणे नाही!

सकाळी स्नॉर्केलिंग. चष्मा काढून तोंडावर मास्क चढवला आणि माझा कारभार आटोपला! दुकानात लोकांचे डोळे तपासून चष्मे विकतो, पण स्वतःचा चष्मा काढला तर बायको ओळखू येत नाही, इतका मोठा नंबर. चिमी पाण्यातून डोकं काढून ओरडत होती, "बाबा, पट्ट्यापट्ट्यांचा मासा! तुमच्या पायाशीच!" मला पायही दिसत नव्हते. पण गार पाणी, कानात गुडगुड — मजा आली.

मग ही पॅराशूटला लटकून मोटरबोटीमागे उडाली. वर जाताना किंचाळत गेली, खाली आल्यावर म्हणे, "परत!" सासूबाई डोळे गच्च मिटून विचारत होत्या, "उतरली का? उतरली का गं?"

शेवटी कयाक. लांबट, अरुंद होडी. पुढे एक, मागे एक, दोघांनी वल्हवायची. ट्रेनर म्हणाला, जोडीतल्या दोघांची वजनं साधारण सारखी हवीत. आमच्या बाईसाहेबांचं बोट तयारच होतं — "हे दोघं!" डाव कळला मला. आबा पुढे जाऊन बसले. मी मागे. चष्म्याला दोरी बांधायची राहिली.

लाल गोळे तरंगत होते, त्यांच्या अलीकडे एक चक्कर मारून यायचं, बस्स. वारा किनाऱ्याकडून कधी सुटला ते कळलंच नाही. गोळे मागे पडले. वळायला गेलो तर होडी आडवी झाली, बाजूने लाट आली आणि चष्मा गेला! हात मारला — नुसतं पाणी. उलटता उलटता वाचलो. मान वर केली तर किनारा नाही! म्हणजे असणार, मला दिसत नव्हता. सगळीकडे निळं-पांढरं, निळं-पांढरं. मला पोहता येत नाही. अंगात लाइफ जॅकेट होतं, पण ते त्या वेळी आठवतं कोणाला? वल्हं मांडीवर टाकलं, दोन्ही हातांनी होडी धरली आणि ओरडलो — "आबा, मला दिसत नाहीये!"

ते मागे वळले. आणि बोलले. माझ्याशी!

"घाबरू नकोस. मी आहे ना इथे."

आबांनी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या. लिफ्ट बंद पडली की ते बाहेरून आतल्या माणसाशी गप्पा मारत बसायचे, तो घाबरू नये म्हणून. ही नेहमी सांगते. तोच आवाज असणार हा. सावकाश, घाई नसलेला.

"नाव काय रे तुझं?"

एवढ्या भीतीतही मला हसू फुटलं. अडकलेल्याला आधी नाव विचारायचं, अशी पद्धत असेल! सांगितलं नाव.

"वल्हं घे हातात. माझा खांदा चालत नाही, तू मार. मी सांगतो कुठे ते. डावीकडे... अजून... हां, आता सरळ."

मी मारत सुटलो. ते सांगत होते, मध्ये मध्ये विचारत होते.

"काय करतोस?"

"चष्म्याचं दुकान आहे, आबा."

"स्वतःचं?"

"हो."

"वा! आणि चष्माच पाण्यात घालवलास?" खो खो हसले. "आईवडील?"

"नाहीत आता."

"अरे अरे. व्यसन वगैरे?"

"चहाचं."

"ते चालतंय. डावीकडे मार, डावीकडे!"

मला एकदम उमगलं — अठरा वर्षांपूर्वी जे प्रश्न विचारायची संधी आम्ही त्यांना दिली नाही, ते हा माणूस आज भर समुद्रात विचारून घेत होता! चेष्टेचेष्टेत. मीही नवऱ्या मुलासारखी उत्तरं दिली. तोंडावर खारं पाणी होतं की रडू, सांगता येणार नाही.

मोटरबोट आली. दोर टाकला, ओढत नेलं. किनाऱ्यावर हिने आधी माझ्या पाठीत धपाटा घातला, मग गळ्यात पडली. चिमी रडत होती. सासूबाई आबांचे हात चोळत होत्या. आबा म्हणाले, "मला काही झालं नाही गं. पोरगा धीराचा आहे." सगळ्यांसमोर!

ही मग खोलीत येऊन उशीत तोंड खुपसून रडली. आनंदाने. "तुला म्हटलं होतं ना मी? म्हटलं होतं ना?"

दुसरा चष्मा आणलेला नाही. चष्मेवाल्याने! जेवताना मेनूकार्ड चिमीने वाचून दाखवलं. मासा आला, त्यात काटे किती ते दिसेना. खाल्ला तसाच. इतकं चविष्ट कधी लागलं नव्हतं.

१४ फेब्रुवारी, बुधवार

आबा आज गप्पच. माझ्याकडे मात्र सारखे बघत होते. लाजतात म्हातारबुवा! चहा नेऊन दिला तर चक्क म्हणाले, "थँक्यू हं." थेट मला! चिमीचं पोस्ट ऑफिस बंद झालं.

१७ फेब्रुवारी, शनिवार

घरी. सासू-सासऱ्यांना त्यांच्या घरी सोडलं. नवा चष्मा करून घातला, दुकान उघडलं. नाक सोललंय, खांदे धरलेत, आणि तरीही किती हलकं वाटतंय! अठरा वर्षं त्या घराचा जिना चढताना मी मध्येच थांबून शर्ट नीट करायचो. परवा चढलो आणि वर गेल्यावर लक्षात आलं — थांबलोच नाही. ही स्वयंपाकघरात गुणगुणते आहे. हिला माहेरी सगळे अजून छकुली म्हणतात. आज मीही तीच हाक मारली. लाटणं उगारलं तिने.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

सासूबाईंचा फोन. हिला नाही, मला केला. आबा सकाळपासून एकच विचारताहेत — "होडीत माझ्याबरोबर होता तो मुलगा कोणाचा गं? स्वतःचं दुकान आहे, निर्व्यसनी आहे. आपल्या छकुलीसाठी विचारून बघू या का?"