मागून येणारा पाऊस

१६ ऑगस्ट, वाई

पोचले! सायकल शाबूत, मी शाबूत, फक्त मागच्या मडगार्डाला टेम्पोत एक पोचा आला. पुण्याहून भाजीच्या रिकाम्या टेम्पोत बसून आले. चालकाने सगळ्या वाटेत मला कोथिंबिरीचे भाव आणि त्याच्या मेव्हण्याचे प्रताप ऐकवले, आणि मी चक्क हसत होते. उतरल्यावर मिसळ खाल्ली, वर दोन पाव मागून घेतले. कितीतरी महिन्यांनी मला भूक लागली, म्हणून लिहून ठेवते.

आजची रात्र लॉजवर. उद्यापासून तंबू. खोलीत दोरी बांधून सगळं सामान एकदा पसरलं, परत भरलं. स्टोव्ह, पातेलं, स्लीपिंग बॅग, प्लास्टिकचा कागद, रेनकोट. तंबू दोघांचा आहे. एकटीचा घ्यायला दुकानात गेले होते, पण घेववला नाही.

ही सहल यशराजने, माझ्या नवऱ्याने, आखली होती. वाईहून निघायचं, सातारा, औंध, वडूज, मायणी करत आटपाडीला पोचायचं. तो म्हणायचा, वाईला झाडाच्या खोडावरही शेवाळ असतं आणि आटपाडीला लोक आभाळाकडे बघत म्हातारे होतात, आणि हे सगळं तू सायकलवरून हळूहळू बदलताना बघशील. मी अकोल्याची. लग्नानंतर या भागात मी फक्त सासर पाहिलं, तेही वाळव्याकडचं, कृष्णेच्या काठावरचं.

दोन पावसाळ्यांपूर्वी तो सुट्टीवर घरी आलेला असताना पूर आला. पलीकडच्या वस्तीतली माणसं घरांच्या पत्र्यावर चढून बसली होती. तो नाव घेऊन गेला, त्यांना घेऊन आला, आणखी काही राहिलीत म्हणून परत गेला. नाव मिळाली, उलटी. तो मिळाला नाही. अण्णांनी, म्हणजे सासऱ्यांनी, शेवटी दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी दिला. आई, म्हणजे माझ्या सासूबाई लीलाबाई, त्या दिवशी घरातून बाहेरच आल्या नाहीत. गवताला माझा पोरगा म्हणू नका, एवढंच म्हणाल्या.

मीही अजून कुणाला निरोप दिलेला नाही. आटपाडीला पोचून देईन असं ठरवलंय.

इथली नदी भरून वाहतेय. घाटाकडे मी गेले नाही.

१७ ऑगस्ट, लिंब फाट्याच्या पुढे

दिवसभर पाऊस. धो धो नाही, पण थांबायचं नाव नाही. बोटं इतकी गारठली की ब्रेक दाबलाय की नाही ते कळेना. रेनकोटाच्या आत घाम आणि बाहेर पाणी, मी मधल्या मधे शिजत आणि गोठत होते. तरी पाय छान चालले. दोन्ही बाजूंना ऊस, त्यावरून पावसाचा एकसारखा सळसळाट.

चहाला थांबले तिथली एक गोष्ट. टपरीवाले नाथाजी म्हणून वयस्कर गृहस्थ. माझ्या हातात कप देऊन ते रस्त्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "ताई, तुमचं जोडीदार तिकडंच का हुबं ऱ्हायल्यात? लय भिजल्याती. बोलवा की च्याला."

मी वळून पाहिलं. वळणावर कुणी नव्हतं. एकटीच आहे म्हटलं. ते जरा गडबडले. मग म्हणाले, असंल दुसरं कोण. सायकल हुती हातात, म्हून म्हनलं.

असेल कुणी. पावसाळ्यात सायकलवर हिंडणारी मी एकटीच वेडी थोडीच आहे.

एका शेतकऱ्याच्या परवानगीने त्यांच्या गोठ्याशेजारी तंबू लावलाय. त्यांच्या सुनेने गरम भाकरी आणि पिठलं आणून दिलं. आईंचा फोन आला. रोज संध्याकाळी येतो. जेवलीस का, एवढंच विचारतात आणि ठेवतात.

१८ ऑगस्ट, औंध

सकाळी उठले तर तंबूचा अर्धा भाग ओला. माझी बाजू कोरडी, शेजारची ओली. वर गळत नाही, खालून झिरपलेलं नाही. कागदावरचं पाणी मी हाताने निपटून काढलं. गढूळ होतं.

आज रहिमतपूर सोडल्यावर मागे आवाज यायला लागला. आधी चेनचा, मग पॅडलचा. प्रत्येक फेरीला एकदा खट्.

हा आवाज मला माहीत आहे. यशच्या सायकलचं पॅडल वाकलं होतं. कितीदा सांगून त्याने ते बदललं नाही. म्हणायचा, समे, आवाज आला की तुला कळतं ना मी मागे आहे ते.

मी थांबले की आवाज थांबायचा. निघाले की यायचा. भीती वाटायला हवी होती. मी काय केलं, तर चढावर वेग कमी केला. त्याला चढ नकोसे वाटायचे.

यमाईच्या डोंगराखाली एका मोकळ्या शाळेच्या पडवीत, विचारूनच, तंबू लावला. दिवेलागणीला पावसाकडे तोंड करून मी हाक मारली. एकदाच, हळू. यश, ये.

आईंच्या फोनवर काही सांगितलं नाही. मला ते एकटीलाच हवं होतं.

१९ ऑगस्ट, वडूजच्या पुढे

तो आला होता.

दिसला नाही. तंबूची चेन मी उघडी ठेवली होती आणि पहाटे शेजारचा कागद दबला. मी डोळे मिटूनच राहिले. नदीचा वास आला, पूर ओसरल्यावर घरांना येतो तो. मी हात पुढे केला. बोटांना बोटं लागली. इतकी थंड की माझं मनगट दुखायला लागलं, पण सोडलं नाही. किती दिवसांनी कुणी माझा हात धरला होता.

उठल्यावर तोंडात पाणी होतं. थुंकलं तर माती.

दुपारी सायकल चालवताना दम लागत होता. मी लोकांना श्वासाचे व्यायाम शिकवणारी बाई, रोज दवाखान्यात तेच करते, आणि माझ्याच छातीत काहीतरी घुरघुरतंय. नखं निळसर दिसतायत. थंडीने असेल.

इकडे माणसं रस्त्यावर येऊन पावसात उभी राहतायत. एक म्हातारा म्हणाला की यंदा असला पाऊस इकडे नव्हता. पाठीमागे बघितलं तर तुमच्याच संगं आल्यावानी वाटतंय, असंही म्हणाला आणि हसला.

आजही हाक मारली.

२० ऑगस्ट, आटपाडीच्या अलीकडे, रंगुबाईंच्या वस्तीवर

हे लिहितेय ते बाजेवर पडून. माळावर चढ नव्हता काही नव्हता, तरी पडले. शुद्ध आली तेव्हा एक बाई मला पालथी करून पाठीवर थापट्या मारत होती आणि माझ्या तोंडातून पाणी येत होतं. तांब्याभर. गढूळ. त्यात नदीकाठच्या गवताचं एक लांब पातं होतं.

रंगुबाई आणि त्यांचे मालक धुळा. मेंढरं आहेत, थोडी डाळिंबं. मला घोंगडीत गुंडाळलंय. कुडाला टेकून सायकल उभी आहे, आणि मेंढरं त्या बाजूला जायला तयार नाहीत. धुळांनी हाकून पाहिलं, सगळी एका कोपऱ्यात दाटून उभी.

रंगुबाईंनी आधी चुलीत लाकडं सारली. मग चुलीशी बसून म्हणाल्या, "ल्येकी, आमच्याकडं पाऊस आभाळातनं येतो. ह्यो तुज्या मागनं आलाय. कोन हाय?"

मी सांगितलं. सगळं. रडले नाही.

त्या म्हणाल्या, मला काय कळतंय बाई, खरं तू हाक मारतीस म्हून त्यो येतोय. त्येला तुजं काय वाईट करायचं न्हाई. पर येताना त्यो नदी घिऊन येतो, त्येला त्ये ठावं न्हाई.

मग म्हणाल्या, जा म्हून सांग. तुजं तूच सांग. दुसऱ्याचं त्यो कशाला ऐकंल.

मी नाही म्हटलं. त्यांनी आग्रह केला नाही. फक्त माझे तळवे चोळत राहिल्या.

२१ ऑगस्ट

पहाटे परत पाणी. या वेळी नाकातूनही. धुळा आणि रंगुबाई दोघांनी मिळून मला उचललं. श्वास येईना, येईना — मग आला.

दिवसभर कुडाबाहेर खट्. थांबतं. खट्.

दिवस मावळायच्या आधी मी बाहेर गेले. रंगुबाई दारात थांबल्या. माळावर पाऊस, आणि पावसात बोराटीच्या काटेरी कुंपणापलीकडे तो. आज दिसला. सायकल धरून उभा. अंगात तोच रेनकोट, नावेत घालून गेला होता तो. चेहरा — चेहऱ्यावरून सतत पाणी वाहतंय, म्हणून नीट दिसत नाही. थरथरत होता. त्याला थंडी वाजत होती.

त्याला थंडी वाजते हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मी म्हटलं, यश, आता येऊ नकोस. त्याला कळलं नाही. एक पाऊल पुढे आला, नेहमीसारखा, मी रागावले असेन आणि समजूत काढता येईल असं वाटून. मग मी ओरडले. जा म्हटलं. मला तू नकोस म्हटलं. हे खोटं होतं, पण खरं असल्यासारखं बोलावं लागलं, नाहीतर तो गेला नसता.

तो बराच वेळ उभा राहिला. मग सायकल वळवली. चालवली नाही, हातात धरून गेला. पश्चिमेकडे.

पाऊस त्याच्या मागे मागे निघून गेला. माळावर ऊन पडलं.

आईंचा फोन आला. मी उचलला नाही. काय बोलले असते.

२२ ऑगस्ट, सकाळ

कोरडं. छाती मोकळी. मेंढरं चरायला गेली. रंगुबाईंनी दूध दिलं, ते पोटात राहिलं. आणि मी रडले. दोन वर्षांचं सगळं एकदम. त्या पाठीवरून हात फिरवत होत्या. झालं गं, झालं, एवढंच म्हणत होत्या.

झालं.

२२ ऑगस्ट, नंतर

झालं नाही.

अण्णांचा फोन. घाबरलेले. म्हणाले, हितं सकाळपासनं लय पाऊस लागलाय, निस्ता आपल्याच घरावर. गावात ऊन हाय. आणि तुजी आई कुणाशी तरी बोलतीया.

मी विचारलं कुणाशी. त्यांना सांगता येईना. माजघराचं दार आईंनी आतून लावून घेतलंय.

मी त्याला जा म्हटलं. कुठे जा, ते सांगितलं नाही. तो घरी गेला. दुसरं कुठे जाणार होता.

धुळांनी ओळखीच्या माणसाची पिकअप आणली. निघालोय. सायकल वस्तीवरच ठेवली.

विटा ओलांडलं

आईंना लावतेय, उचलत नाहीत. अण्णा म्हणतात दार फोडायला माणसं बोलावलीत. दाराच्या खालून पाणी येतंय.

आता उचलला. व्हिडिओ. आई दिसल्या. माझ्या लग्नात हसत होत्या तशा हसत होत्या. केस ओले, ओठ निळे. फोन कशाला तरी टेकवून ठेवला होता आणि त्या पदराने कुणाचं तरी डोकं पुसत होत्या. मांडीवर घेऊन. फक्त पाठ दिसली. रेनकोट.

मी ओरडले, आई, त्याला जा म्हणा, लगेच म्हणा.

त्यांचा हात थांबला. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू हाकललंस व्हय गं त्येला? असल्या थंडीत?"

मग खोकला. खोकल्यातून पाणी. तरी पुसत होत्या. मी म्हणत राहिले, आई, सोडा, आई, तो नदी — फोन बंद झाला.

चालकाला म्हटलं, जोरात. तो म्हणतो, ताई, पुढं काय दिसंना.

काचेवर पाऊस सुरू झालाय

परत वाजतोय. आईंचं नाव. उचलला — आई नाहीत. नुसतं पाणी वाहतंय, आणि कुणीतरी रडतंय. इतक्या दिवसांत तो एकदाही बोलला नव्हता. आवाज तोच. अगदी तोच. म्हणतोय, समे, आई उठंना गं — मी कायबी केलं न्हाई, मला थंडी वाजत हुती, मी नुसतं तिच्या मांडीवर डोकं —