शनिवारची भरती

ताई,

मी काकांकडे गाडी मागायला गेलेय. तुला आवडणार नाही, म्हणून तू उठायच्या आत निघाले.

शनिवारची सहल ठरवताना माझी घोडचूक झालीय. बाबांना लाटा झेपणार नाहीत म्हणून मी कोष्टक बघून मुद्दाम ओहोटीची दुपार निवडली. अंतराचा विचारच केला नाही. ओहोटीला पाणी पायऱ्यांपासून चारशे मीटर मागे जातं. काल बाबांना व्हरांड्यात चालवून पाहिलं, तर चाळीस पावलांत गुडघा धरून खाली बसले. वर मलाच म्हणाले, "विज्ञान शिकलीस ना गं, मग समुद्रच जरा अलीकडे सरकव."

संध्याकाळी सातला पाणी थेट पायऱ्यांना लागतं, पण सहलीची बस तीनलाच परत फिरते. पुढच्या शनिवारी भरती दुपारीच आहे, पण त्याआधी बुधवारी ऑपरेशन. गाठ हाडात पसरलीय, पाय काढावाच लागेल, असं डॉक्टर म्हणाले. दोन्ही पाय एकदा समुद्रात बुडवायचेत, एवढंच बाबांनी मागितलंय. त्यासाठी काकांपुढे नाक घासायचीही माझी तयारी आहे. त्यांनी गाडी दिलीच, तर तू निदान तोंड वाकडं करू नकोस.

बाबांना गोळी नाश्त्यानंतर दे. बसची तिकिटं इतक्यात रद्द करू नकोस.

येताना त्यांच्यासाठी नव्या चपला आणतेय. वाळूत चालतील अशा आण, असं त्यांनीच सांगितलंय. "आता कशाला?" असं त्यांच्यासमोर म्हणू नकोस.

धाकटी