सिस्टरांची बोली

सिस्टर,

लेकीला मांडीवर घेऊन लिहितेय, म्हणून अक्षर वेडंवाकडं येतंय.

तुम्ही मला ओळखलं नसेल. पोटुशी असताना पहिल्या तपासणीला मी तुमच्या दवाखान्यात आले होते. तुम्ही काय विचारलंत ते नीट कळलं नाही, म्हणून मी आमच्या बोलीत उत्तर दिलं. "माणसांच्या भाषेत बोल," तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात. बाकावरच्या बायका हसल्या. मी पुन्हा तुमची पायरी चढले नाही. लेक घरीच झाली. तिला ना लस टोचली, ना कधी डॉक्टरांना दाखवलं. सासूबाई म्हणायच्या, "मान घालवून औषध कशाला आणायचं?"

आज तापात लेकीला झटका आला. तिचे डोळे फिरले, तेव्हा कुठला मान नि कुठला अपमान? मी तिला उचलून तुमच्याकडेच धावले. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. तुम्ही तिचं अंग ओल्या फडक्यानं पुसत होतात आणि तिच्या कानाशी पुटपुटलात, "घाबरू नको गं पोरी, आई इथंच आहे." आमच्या बोलीत. अगदी माझ्या आईच्या हेलात.

मी जागच्या जागी गोठले. तुम्ही वर पाहिलंत, आणि तुमचा चेहरा पांढराफटक पडला.

लेक आता शांत झोपलीय. सोमवारी तिला लशीला आणीन. तुमच्यावर चिडू की तुमच्या गळ्यात पडून रडू, काही सुचत नाही.

हे पत्र मात्र पाठवणार नाही. भलत्याच्या हाती पडलं, तर तुमचं इतक्या वर्षांचं लपवणं वाया जाईल.

तुमच्याच बोलीतली,
एक आई